फेटा बांधलेला तो फोटो छापू नका

मा. संपादक,
स. न.

मोठ्या संस्थांतल्या मुलांच्या हळवेपणावरचा परवाचा लेख वाचला. या मुलांना सगळं आयतं मिळतं, त्यांनी जरा कणखर व्हावं, असं त्यात म्हटलंय. काल दिवसभर कामावर डोक्यात तोच होता, म्हणून आज रात्री लिहायला बसलोय. लेखक शिकलेले आहेत, मी एसटीच्या आगारात मेकॅनिक आहे. पण त्यांनी जे लिहिलंय ते मी माझ्या मुलाला तोंडावर बोलून बसलोय. त्याचं पुढं काय होतं, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

मुलगा आयआयटीत आहे. कुठल्या, ते लिहीत नाही. दहावीपर्यंत इथं मराठी शाळेत, मग दोन वर्षं लातूरला ट्यूशन एरियात कॉट बेसिसवर. 2023 साली नंबर लागला. बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्या दिवाळीला तो पहिल्यांदा घरी आला, चार दिवसांसाठी. रात्री जेवणं झाल्यावर मी मिक्सर खोलून बसलो होतो. तो शेजारी येऊन बसला, मी मागेल तो पाना हातात देत होता. मधेच म्हणाला, ''बाबा, मला तिथं करमत नाही.''

मी मान वर केली नाही. म्हणालो, ''करमायला गेलायस का शिकायला? एक लाख ऐंशी हजार पोरांनी जेईई ॲडव्हान्स्ड दिली, साडेसतरा हजारसुद्धा जागा नाहीत, त्यातली एक तुला मिळाली. लोक त्या गेटबाहेर उभं राहून फोटो काढतात.'' तो ''हं'' म्हणाला. उरलेले पाने डब्यात नीट लावून ठेवले आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यांनी त्याचा सत्कार ठेवला होता. यायचं नाही म्हणत होता, मी नेला. फेटा, शाल, नारळ. समोर अकरावीची दोनशे पोरं. त्यानं सांगितलं, दोन वर्षं कष्ट करा, पुढं सगळं छान असतं. बोलताना तो माझ्याकडं बघत होता. तुमच्या वार्ताहरानं फोटो काढला आणि तो तुमच्या जिल्हा पुरवणीत छापून आला. आम्ही कात्रण काढून ठेवलं.

संपादकसाहेब, त्या फेट्यानं पोराचं तोंड बंद झालं. ज्यानं शेकडो पोरांसमोर छान आहे म्हणून सांगितलं, त्यानं आता कुणाला सांगायचं की छान नाही? गल्लीत भेटेल तो पॅकेज किती मिळणार विचारतो. मामा विचारतो, मास्तर विचारतात. मीही फोनवर सीपीआयच, म्हणजे मार्कांची सरासरीच विचारायचो.

फेब्रुवारीत त्याच्या समोरच्या खोलीतल्या मुलाचा फोन आला, ''काका, एकदा येऊन जाता का?'' मी त्याच रात्री निघालो. खोलीचं दार उघडलं तर टेबलाखाली चिवड्याचा डबा. दिवाळीला त्याच्या आईनं बांधून दिलेला. झाकणावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. पोरगं निम्मं झालं होतं. मेस बंद व्हायच्या वेळी जायचा, म्हणजे कुणाबरोबर बसावं लागत नाही. वर्गात इंग्रजी कळायचं, पण बोलायला उठेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. विंगमधली मुलं शनिवारी बाहेर जेवायला जायची, माणशी सहाशे-सातशे रुपये. हा ''पोट बिघडलंय'' सांगून खोलीत राहायचा. समुपदेशकाची वेळ मागितली होती, ती सतरा दिवसांनंतरची मिळाली होती. हे सगळं त्यानं मला सांगितलं ते तलावाकाठच्या बाकावर, दोन तास, एकदाही न रडता. मला मात्र आवरलं नाही.

लेखक म्हणतात, सगळं आयतं मिळतं. काय आयतं? 2016 साली आयआयटीची वर्षाची फी 90 हजारांवरून 2 लाख झाली. एक ते पाच लाख उत्पन्नवाल्यांना दोन तृतीयांश माफी आहे म्हणून आमचं भागतं. मेस, हॉस्टेल वेगळं. आणि तिथं मार्क रिलेटिव्ह असतात, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत ठरतात. वर्गात बसलेला प्रत्येक जण आपापल्या गावात पहिला आलेला, आणि त्यातल्या कुणाला तरी शेवटचं यावंच लागतं. इथं कधी दुसरा नंबर न पाहिलेलं पोर क्विझला 20 पैकी 3 मार्क घेऊन खोलीवर येतं. त्याला कणखर हो म्हणून सांगण्यात मदत कुठली?

हे सगळं एकट्या माझ्या पोराचं रडगाणं असतं तर आयआयटी दिल्लीनं 2023 साली मिडसेमचा, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षांचा, एक पूर्ण संच कमी केला नसता. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं नसतं. सरकारचीच आकडेवारी आहे, 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या विषयावर अर्धं पान लिहिलं, पण खाली एक नंबर छापावासा वाटला नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू आहे, मराठीत बोलता येतं. हे मला त्या समोरच्या खोलीतल्या मुलानं सांगितलं. खरं तर ते मला माझ्या पेपरात वाचायला मिळायला हवं होतं. तेवीस वर्षं तुमचा अंक घेतोय.

मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. दोन विषय राहिले होते, ते निघाले. करमतं का विचारलं तर ''कधी कधी'' म्हणतो. मी पुढं काही बोलत नाही, ऐकून घेतो.

आता ज्यासाठी खरं तर पेन हातात घेतलं ते. ज्या अंकात तो लेख आहे, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर क्लासची अर्धं पान जाहिरात आहे. खालून दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथा, फेटा बांधलेला माझा मुलगा आहे. तिसरं वर्ष तोच फोटो. क्लासवाल्यांना दोनदा फोन केला, एकदा रजा टाकून जाऊन आलो. कार्यक्रम आमचा, फोटो आमचा, असं उत्तर मिळालं. ते ऐकणार नाहीत. तुमच्या जाहिरात विभागानं तरी ऐकावं. त्या चेहऱ्यावर कुठलंही गोल चिन्ह नको, काळी पट्टी नको. फोटोच नको.

पुढच्या आठवड्यात तो सुट्टीला येतोय. सकाळी उठल्यावर आधी पेपर उघडायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

(मुलाची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)

आपला,
एक वाचक, उदगीर