चौकटीत दोन नावं राहिली

महोदय,

रविवार पुरवणीतला स्वतः लिहून स्वतःच गाणाऱ्या कलाकारांवरचा लेख आवडला. या मंडळींमुळे पॉप संगीतात खरेपणा आला, हे त्यातलं म्हणणं मात्र पटलं नाही.

लेखात आलेल्या अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंगचंच घ्या. अठराव्या वर्षी ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एका कंपनीसाठी गाणी रचत होती. एवढीशी खोली, त्यात पियानो. चाल तिची, शब्द नवऱ्याचे म्हणजे गेरी गॉफिनचे, आणि गाणार तिसरंच कुणी. आपल्या आकाशवाणीवर गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावं सांगत, तोच प्रकार. त्यांचं ‘विल यू लव्ह मी टुमारो’ शिरेल्स या चार मुलींनी गायलं आणि १९६१च्या सुरुवातीला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आजची रात्र सरल्यावर उद्याही प्रेम करशील ना, असं विचारणाऱ्या मुलीचे शब्द एकवीस वर्षांच्या पुरुषाने लिहिलेले! ते खोटे वाटतात का?

१९७१मध्ये ‘टॅपेस्ट्री’ या आपल्या अल्बममध्ये किंगने तेच गाणं स्वतः गायलं. परवा दोन्ही लागोपाठ ऐकली. शिरेल्सचं ठेक्यावर पळतं, मागे व्हायोलिनं. किंगचं संथ, पियानोवर रेललेलं. आवाज काही फार कमावलेला नाही. साथीला जेम्स टेलर आणि जोनी मिचेल हे गायक. तोवर गॉफिनशी तिचा घटस्फोट झालेला. शब्द तेच, पण ही बाई उत्तर ठाऊक असल्यासारखी विचारते.

‘टॅपेस्ट्री’ १५ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली, १९७२मध्ये किंगला चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यातलं ‘इट्स टू लेट’ ऐकताना मला कायम वाटायचं, ही आपल्याच मोडल्या संसाराबद्दल गातेय. शब्द निघाले टोनी स्टर्न या दुसऱ्याच बाईचे. खरं सांगायचं तर जरा फसल्यासारखं झालं. मग पुन्हा लावलं, तर गाण्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

लेखासोबतच्या चौकटीत या दोन्ही गाण्यांपुढे फक्त किंगचं नाव आहे. पुढच्या रविवारी गॉफिन आणि स्टर्न ही नावंही छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, सातारा