जन्माचा रकाना

जानेवारी २०२६

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हे धड सांगून होत नाही. बाबा विचारतात, "मग कंपनी काय करतेय?" आणि मी उत्तर द्यायच्या आत आई विषय बदलते. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही परवा जरा चिडूनच विचारलंत, "इतकी वर्षं नोकरी करतेस, अजून तुझं कायम का होत नाही? कागदांत काही घोळ करून ठेवलाय का?" घोळ काहीही नाही. माझी ग्रीन कार्डाची, म्हणजे अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याची, फाईल स्वच्छ आहे आणि मंजूरही आहे. तुमचं आयुष्य फायलींत गेलं, म्हणून फाईल टेबलावरून टेबलावर कशी सरकते तेच सांगते.

पहिलं टेबल कामगार खात्याचं. या जागेवर लायक अमेरिकी माणूस मिळत नाही, हे कंपनीला दाखवावं लागतं. त्यासाठी माझ्याच जागेची जाहिरात रविवारच्या पेपरात दोनदा छापून आली होती. शिक्षण, अनुभव, सगळं माझंच. कुणी अर्ज करू नये अशी प्रार्थना करत मी ती वाचली. स्वतःच्या खुर्चीची जाहिरात वाचायचा योग तुम्हाला नोकरीत कधी आला नसेल! कामगार खात्यात अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती आमची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेतला नंबर. माझी २०१६ ची आहे. दुसरं टेबल इमिग्रेशन खात्याचं. तिथे आय-१४० नावाचा अर्ज, तोही कधीच मंजूर झाला. तिसऱ्या टेबलाशी मात्र फाईल बांधून ठेवलेली आहे, आणि तिथे माझी पदवी, पगार, साहेबाचं मत, कर वेळेवर भरलेत का, यातलं काही बघत नाहीत. बघतात फक्त जन्म कुठल्या देशात झाला ते.

नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देतात. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असं १९९० च्या कायद्यात आहे. म्हणजे भारताच्या वाट्याला ढोबळमानाने ९,८००, आणि त्यातही माझ्या अर्जाच्या प्रकाराला, म्हणजे वर्गाला, २,८०० च्या आसपास. इतर देशांची उरली तर थोडी जास्त मिळतात. यात नुसते नोकरी करणारे नाहीत, त्यांचे नवरा-बायको आणि मुलंही मोजतात. आमच्या एका अर्जाला तीन कार्डं लागणार. चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलंडला हीच मर्यादा आणि भारतालाही हीच. रेशन दुकानदाराने घरात माणसं किती हे न विचारता प्रत्येक दाराला एकच पिशवी द्यावी, तसं आहे हे.

परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात प्रत्येक वर्गाची आणि देशाची तारीख असते. आपली प्रायॉरिटी डेट त्याआधीची असली तरच नंबर लागतो. ते आलं की आमच्यात फोनाफोनी सुरू होते. "सरकली का?" "दोन आठवडे." "आमची मागेच गेली." हो बाबा, तारीख मागेही जाते, त्याला रेट्रोग्रेशन म्हणतात. माझ्या वर्गात या महिन्यात भारताची तारीख २०१३ मध्ये आहे, चीनची २०२१ मध्ये आणि बहुतेक बाकी जगाची २०२४ मध्ये. माझ्यानंतर आठ वर्षांनी अर्ज केलेला ब्राझीलचा माणूस माझ्या पुढे निघून जातो. त्याच्यावर माझा राग नाही. तोही कष्टानेच आलाय.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ओळखीतल्या कुणाचा मुलगा कॅनडाचा नागरिक झाला, तसं करून मग इथला अर्ज का करत नाही? उपयोग नाही. पासपोर्ट बदलला तरी जन्म बदलत नाही, आणि मोजतात तो जन्म. आमच्या ऑफिसात एक मराठी मैत्रीण आहे. तिचे वडील कुवेतला नोकरीला होते, तेव्हा तिचा जन्म तिथला. कुवेतने तिला कधी नागरिक मानलं नाही. पासपोर्ट भारताचा, शाळा-कॉलेज भारतातलं. पण या रांगेत ती कुवेतची! आणि तिचा नवरा, जो जन्माने आणि वळणाने शंभर टक्के विदर्भातला, तोही बायकोच्या नावावर कुवेतच्या रांगेतून पुढे गेला. नवरा-बायकोपैकी ज्याची रांग छोटी ती दोघांना चालते, अशी सोय कायद्यात आहे. तेव्हापासून तुमचे जावई मला टोमणे मारतात की सासरेबुवांनी दोन वर्षं आखातात काढली असती तर काय बिघडलं असतं.

चेष्टा सोडा, पण मला यातली खरी मौज वेगळीच वाटते. जन्मभूमीवरून माणसाला तोलायची या देशाची सवय जुनी आहे. १९१७ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियाला दार बंद केलं. भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी माणूस पहिल्या महायुद्धात इथल्या सैन्यात होता. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. (पुढे १९३६ मध्ये झाला, सैनिकांसाठी वेगळा कायदा आला तेव्हा.) १९२४ मध्ये राष्ट्रनिहाय कोटे पक्के झाले. १९४६ मध्ये भारताला वर्षाला १०० जागा मिळाल्या, आणि तो मोठा विजय मानला गेला. मग १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून सही केली आणि ते कोटे मोडीत काढले. व्हिसा देताना वंश, राष्ट्रीयत्व, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायचा नाही, असं त्यात लिहिलं. देशनिहाय मर्यादेचा अपवादही त्याच कलमात ठेवला! बाबा, तुम्ही म्हणायचात ना, परिपत्रक शेवटपर्यंत वाचावं.

मर्यादा ठेवणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. एच-१बी वर, म्हणजे माझ्यासारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, काम करणाऱ्यांत दहातले सात भारतात जन्मलेले आहेत. मर्यादा एकदम काढली तर काही वर्षं सगळी कार्डं आम्हालाच जातील आणि बाकीचे ताटकळतील. पण मग हाच विचार नोकरीवर घेताना करायला हवा होता. काम द्यायला जन्म आडवा येत नाही, राहू द्यायला येतो. इथे नोकरीच्या मुलाखतीत राष्ट्रीय मूळ बघून माणूस नाकारणं १९६४ पासून बेकायदा आहे. त्याऐवजी अर्जात विचारतात, "आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का?" मी 'हो'वर खूण करते आणि बऱ्याच ठिकाणी गोष्ट तिथेच संपते.

मर्यादा काढायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी विधेयक पास झालं. २०२० च्या डिसेंबरात सिनेटनेही आपलं विधेयक पास केलं, पण दोन्हींचे मसुदे वेगळे होते. ते जुळायच्या आत त्या संसदेची मुदत संपली. त्या महिन्यात मी फार बातम्या बघितल्या. आता बघत नाही.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी यंदाही का येत नाही, ते.

माझं इथे राहणं आणि काम करणं कायदेशीर आहे. दर वेळी एक्स्टेन्शन मिळतं. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, आणि तो अमेरिकेत राहून नवा करता येत नाही. २०२४ मध्ये इथल्या इथे करून द्यायचा प्रयोग झाला होता, २०,००० लोकांपुरता, मोजक्या तारखांचे शिक्के असलेल्यांसाठी. त्यात मी बसले नाही. म्हणजे एकदा बाहेर पडलं की परत यायला भारतात स्टॅम्पिंग आलं. पूर्वी ड्रॉपबॉक्समध्ये कागद टाकून काम व्हायचं. २ सप्टेंबर २०२५ पासून आमच्यासारख्या बहुतेकांना मुलाखत लागते. डिसेंबरात सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली आणि अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या. तीन आठवड्यांच्या रजेवर गेलेली माणसं तिकडे अडकलीत, त्यांची मुलं इकडे शाळेत. मुलाखत झाली तरी २२१(जी)ची चिठ्ठी हातात देऊन 'पुढील तपासणी' म्हणू शकतात, आणि त्याला मुदत नसते. कंपनी किती दिवस थांबेल? नोकरी गेली तर इथे ६० दिवस मिळतात, आणि तुमच्या जावयांचा कामाचा परवानाही माझ्याच फाईलीला बांधलेला आहे.

सप्टेंबरातल्या त्या एच-१बीच्या एक लाख डॉलर फीच्या बातमीने तुम्ही दोघं रात्रभर जागलात. ती फी नव्या अर्जांना आहे, मला नाही. काळजी करू नका.

काळजी आहे ती थोरल्याची. त्याचा जन्म तुमच्याकडचा, धाकटीचा इथला. ती जन्मतः अमेरिकी नागरिक. (जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद करायचा अध्यक्षांचा हुकूम कोर्टांनी रोखून धरलाय, आणि तो आधी जन्मलेल्यांना लागू नाही.) तो मात्र माझ्यावर अवलंबून. २१ वर्षांचा होईपर्यंत माझा नंबर लागला नाही तर तो माझ्या अर्जातून गळेल. २००२ च्या एका कायद्याने वयातून थोडे दिवस वजा होतात, पण आय-१४० चा निकाल यायला जितका वेळ लागला तितकेच. पुढे इथेच शिकायचं तर परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा काढायचा. तो इथे आला तेव्हा त्याला बोलताही धड येत नव्हतं. परवा शाळेतून येऊन विचारत होता की फॉर्मवर 'कंट्री ऑफ बर्थ' भारत लिहिलं तर चालेल ना. म्हटलं, चालेल, तेच खरं आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय की तो दहावी होईपर्यंत रांग बघायची. नंतर कॅनडा, किंवा सरळ परत. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा "अचानक का" असं व्हायला नको.

म्हणून आई, "तू आलीस की गुडघ्याचं ऑपरेशन करू" हे बंद कर. डॉक्टर हो म्हणालेत, दादा-वहिनी आहेत, फेब्रुवारीत करून टाक. माझ्या तारखेवर तुझं चालणं टांगून ठेवू नकोस. तुमच्या दोघांपैकी कुणाला खरोखर गरज पडली तर मी येणारच, मग स्टॅम्पिंग गेलं खड्ड्यात. पण हौसेचं येणं सध्या नाही. लोकांना "रजा मिळत नाही" असं सांगू नका, उगाच कंपनीला बोल लागतो. खरं तेच सांगा.

आता तुमच्याकडचं काम. माझा जन्मदाखला आहे, पण त्यात माझं नाव नाही. नोंद झाली बारशाच्या आधी, म्हणून नुसतं 'स्त्री' आणि बाबांचं नाव, तेही अर्धवट. नोंद आजोळच्या नगरपालिकेत आहे. मामाला विचारा, नाव घालून नवा दाखला देतात का. नाही म्हणाले तर तसं लेखी घ्या. वकिलीणबाई म्हणतात, त्याशिवाय दोन प्रतिज्ञापत्रं हवीत, वयाने मोठ्या आणि जन्माच्या वेळी असलेल्या माणसांची. एक आईचं आणि एक मोठ्या मावशीचं करू. त्यात माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश, तुम्हा दोघांची नावं, आणि ही माहिती तुम्हाला कशी आहे ते. म्हणजे आई, मी जन्मले हे तुला कसं कळलं, ते तुला शपथेवर लिहून द्यायचंय! बाबा मसुदा करतील, त्यांचा हात कुणी धरणार नाही.

नंबर लागायला अवकाश असताना आत्ताच का, असं तुम्ही विचारणार नाही याची मला खात्री आहे. म्हणून मीही लिहीत नाही.

मावशीला नमस्कार सांगा. बाबांनी रक्तदाब रोज तपासावा, आठवड्यातून एकदा नव्हे.

तुमची लेक

ता. क. स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं, एकही अक्षर इकडेतिकडे नको. आईचं माहेरचं नावही घाला, कारण दाखल्यात तेच आहे. प्रतिज्ञापत्र इंग्रजीतच करा. मराठीत केलं तर भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र असा आणखी एक कागद वाढतो. स्कॅन पाठवायच्या आधी मला फोटो पाठवा, मी तपासते.