कॅनडाने बोलावलं, मग दोष पोरांना का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कॅनडाने स्टुडंट व्हिसा कमी केले तेव्हापासून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज एकच पालुपद ऐकतोय, की आपल्याच पोरांनी तिकडे गर्दी केली म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

अहो पण दार उघडलं कोणी ते तरी बघा. २०१९ ला कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने तिथल्या मुलांची फी १० टक्के कमी केली आणि मग गोठवूनच टाकली, मग कॉलेजांनी काय केलं तर बाहेरच्या मुलांकडून तिप्पट-चौपट फी घेऊन खड्डा भरला, मुलं भराभर आणली पण त्यांना राहायला घरं कोणी बांधलीच नाहीत. २०२३ मध्ये लोकसंख्या ४ कोटींच्या वर गेली, भाडी भडकली, लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर मिळेना, आणि खापर फुटलं पोरांच्या डोक्यावर. २०२४ ला लिमिट घातली ती माझ्या मते बरोबरच आहे, फक्त फार उशिरा घातली. (आपण तरी काय, सातपूर-अंबडला परप्रांतीयांनी गर्दी केली म्हणून बोंब मारतो आणि एमआयडीसी त्यांच्याच जिवावर चालते!)

माझा भाचा ऑन्टारिओतल्याच ब्रॅम्प्टन शहरात बेसमेंटमध्ये राहतो, पाच जणांत एक बाथरूम, दारावर कोणी कधी आंघोळ करायची त्याचं टाईमटेबल चिकटवलेलं, व्हिडिओ कॉलवर त्याने हसत हसत दाखवलं. तरी म्हणतो, मामा, स्टॉपवर म्हातारी बाई दिसली की ड्रायव्हर बस तिच्या बाजूला खाली झुकवतो, असलं काही बघितलं की इथेच राहावंसं वाटतं. त्याची आई मात्र प्रत्येक फोनला विचारते, पीआर (तिथे कायम राहायची परवानगी) कधी?

निफाडकडचे लोक द्राक्षबाग तारण ठेवून पोरं पाठवतात आणि एजंट त्यांना पाच वर्षांपूर्वीचाच कॅनडा दाखवतो. व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम जानेवारी २०२४ ला १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली, नंतर अजून वाढली, कॉलेज चालू असताना बाहेर काम आठवड्याला २४ तासच करता येतं, म्हणजे पार्टटाईमवर सगळा खर्च निघतो हे विसराच.

तुमच्या पेपरात या परदेशी पाठवणाऱ्या क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती येतात, त्याला माझी हरकत नाही, पेपर चालवायचा तर जाहिराती लागणारच. फक्त त्याच पानावर एक छोटी चौकट देत चला, तिथलं खोलीभाडं किती, कामाचे तास किती, खात्यात किती पैसे लागतात, आणि दर सहा महिन्यांनी ती बदलत चला.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक