पूर ओसरल्यावर फरशीवर ॲसिड ओतू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय, आता आम्हा नदीकाठच्या लोकांचं लक्ष सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे लागणार. पाणी किती फुटांवर गेलं, कोयनेतून किती सोडलं, हे सगळं पेपरात रोज येतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणी उतरल्यावर माणूस घराचं कुलूप काढतो तेव्हा पुढ्यात जो गाळ असतो त्याचं काय करायचं हे नीट कुणी सांगत नाही, आणि त्या गडबडीत घरोघरी एक चूक होते, जी आमच्याही घरात झाली, म्हणून हे पत्र.

आमचं घर गावभागात आहे, जुनं. सोप्यात आणि माजघरात शहाबादी, मधल्या खोलीत कोटा, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीपर्यंत होतं. परत आलो तर फरशी दिसतच नव्हती, काळा गुळगुळीत रेंदा, वर बुरशीचा वास. दोन दिवस खराट्यानं आणि सुपलीनं गाळ काढला तरी फरशीवर पिवळट थर राहिला, मग साफसफाईला आलेल्या माणसानं सांगितलं की ॲसिड मारल्याशिवाय निघणार नाही, आणि आम्ही मारू दिलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल यांची अभिक्रिया मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते, आणि माझ्याच घरात मी ती डोळ्यांनी बघत उभी राहिले. फरशीवर पांढरा फेस आला, चरचर आवाज आला, आणि सगळ्यांना वाटलं घाण निघतेय. घाण नव्हती निघत हो, फरशी निघत होती.

शहाबाद, कोटा, कडप्पा ही तिन्ही नावं वेगळी, एक गुलबर्ग्याकडून येतो, एक राजस्थानातून, एक आंध्रातून, पण जात एकच, चुनखडीचा दगड. संगमरवरही त्याच कुळातला. संडासचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते दगडातल्या कॅल्शियमला खातं आणि त्याचं कॅल्शियम क्लोराइड होतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे दगडाचा वरचा थर मोरीतनं वाहून जातो, आणि जे थोडं भेगांत, सांध्यांत उरतं ते हवेतली ओल खेचत बसतं. म्हणून त्यानंतरच्या पावसाळ्यात आमची फरशी कितीही पुसली तरी पायाला चिकट लागायची. वर तुळतुळीत होती ती खरखरीत झाली, आणि खरखरीत दगडात माती जास्त धरते, मग परत ॲसिड, परत खरखरीत. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, संगमरवर आणि नैसर्गिक दगडावर वापरू नका, पण पुरातनं आलेला माणूस बाटलीची मागची बाजू वाचत बसत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पुरानंतर ब्लिचिंग पावडर घरोघरी मिळते, आणि ती मिळायलाच हवी, पण तीच ओली पावडर फरशीवर असताना कुणी ॲसिड ओतलं की क्लोरीन वायू निघतो. आमच्या सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या, त्या शेजारच्या खोलीत खोकून खोकून बेजार झाल्या, डोळ्यांतनं पाणी थांबेना, आम्ही त्यांना उचलून अंगणात आणलं. बंद खोलीत हे झालं असतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही. म्हणून आधी हेच सांगते, ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र कधीही नाही, एकापाठोपाठ एकही नाही.

मग गाळ काढायचा कसा? ओला आहे तोवर काढायचा, हे पहिलं, वाळला की दगडाला घट्ट धरतो. नुसतं भरपूर पाणी, काथ्याचा किंवा प्लॅस्टिकचा ब्रश, बादलीभर पाण्यात थोडं साधं सौम्य लिक्विड सोप, तीन-चार वेळा. कंटाळवाणं काम आहे, पण दगड राहतो. राहिलेला पिवळटपणा आपोआप कमी होत जातो, मला दुसऱ्या पुरानंतर, २०२१ ला, हे करून बघता आलं.

त्यानंतर सगळ्यात अवघड काम, थांबायचं. पूर ओसरल्यावर जमिनीखालची ओल महिनोन्‌महिने वर येत राहते, त्याबरोबर मिठं येतात आणि सांध्यांवर पांढरी पावडर धरते, आपल्याकडे लोणा लागला म्हणतात तेच. त्यावर कुणी पॉलिशचा कोट, वॅक्स, वार्निशसारखं काही मारलं तर ओल आत कोंडते आणि फरशीच्या पापड्या सुटतात. सुकली का नाही हे बघायची सोपी युक्ती आहे, प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं फरशीवर लावायचा, सकाळी खाली घाम धरलेला दिसला तर अजून थांबायचं. आम्ही मार्चपर्यंत थांबलो. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा, पाण्यानं धुतला तर परत आत जातो.

मध्यंतरी एका ठेकेदारानं जुनी फरशी खोदून टाका किंवा तिच्यावरच व्हिट्रिफाइड टाका असा आग्रह धरला होता. दारं तासायला लागली असती, उंबरे बुडाले असते, आणि दीडेक इंच जाडीचा दगड खाली गाडून वर गुळगुळीत टाइल, ज्याच्यावर ओल्या पायानं म्हातारं माणूस घसरणार. त्याऐवजी आम्ही घासाई करून घेतली. पॉलिशवाले आमच्या मिस्तरींच्या ओळखीचे, पन्नाशीचे गृहस्थ, मशीन चालवताना बोलत नाहीत. आधी सांधे कोरून त्यांनी फरशीच्या रंगाला मिळतं सिमेंट भरलं, ते वाळू दिलं, मग मशीनला ६० नंबरचा, म्हणजे भरड, घासायचा दगड लावून वरचा खराब थर काढला, मग १२०, २२०, ३२०, ४०० असं बारीक बारीक होत, चढत चढत. कार्बोरंडमचे ते दगड पाण्यात चालतात, म्हणून धूळ उडत नाही, राखाडी रगडा होतो. प्रत्येक नंबरानंतर ते फरशी धुऊन, हात ओला करून तळवा फिरवायचे. म्हणाले, ताई, डोळ्याला चकाकी लवकर दिसते, खरवड हाताला कळते. एक नंबर वगळला की आधीच्या रेघा शेवटपर्यंत दिसतात, म्हणून घाईचं काम देऊ नका, असंही म्हणाले. शेवटी अगदी थोडी ऑक्झॅलिक पावडर पाण्यात टाकून मशीन फिरवली. हेही आम्लच आहे, पण ते कॅल्शियमबरोबर न विरघळणारं ऑक्झॅलेट करतं आणि ते दगडाच्या अंगावरच बसतं, सगळा फरक इथे आहे. मात्र ही पावडर विषारी आहे, हातमोजे आणि तोंडाला मास्क हवा, आणि पोरांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. रगडा गटारात सोडायचा नाही, गटार तुंबतं, बादलीत बसू देऊन वरचं पाणी ओतायचं आणि खालचा गाळ पोत्यात भरायचा.

रोजचं म्हणाल तर फार काही लागत नाही. वाळूचा कण दगडापेक्षा कितीतरी कठीण, कठीणपणाच्या दहापर्यंतच्या मोह्‌स मापावर वाळू सातवर आणि चुनखडी तीनवर असं मी वर्गात शिकवते, म्हणून दारात जाड पायपुसणं आणि आधी कोरडा केर, मग पोछा. लिंबू, चिंच, ताक सांडलं की लगेच पुसायचं. हळदीचा डाग पडला (सांगलीत पडणारच) तर घाबरू नका, ऊन लागलं की तो हळूहळू उतरतो. ग्रॅनाइटला आणि आपल्या काळ्या पाषाणाला असल्या साध्या आंबटाचं काही होत नाही, त्यांची जात वेगळी. पण अमुकतमुक घराची फरशी ॲसिडनं साफ होते म्हणून आपलीही होईल असं धरून चालू नका. शंका आली तर कपाटाखाली, दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका, फेस आला तर ॲसिड त्या घरात आणूच नका.

माझी विनंती एवढीच, जूनच्या आत हे आपल्या पेपरात ठळक छापा. आणि ब्लिचिंग पावडरची पाकिटं वाटणाऱ्यांनी त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात दोन ओळी घालाव्यात, यात ॲसिड मिसळू नका, दगडी फरशीवर ॲसिड ओतू नका. शक्य असेल तर वाटणाऱ्या स्वयंसेवक पोरांनी तोंडानंही सांगावं, कारण पुरातनं परतलेल्या घरात चष्मा सापडायलाच दोन दिवस जातात.

आपली,
एक शिक्षिका, गावभाग, सांगली