‘सुपरफ्लुअस’च्या नोंदीवर लाल शाई चालवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या इंग्रजी-मराठी कोशातल्या ‘सुपरफ्लुअस’ (superfluous) या नोंदीचं मुद्रित तुम्ही तपासून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या मसुद्यात या एका शब्दापुढे पाच प्रतिशब्द होते: अतिरिक्त, जास्त, निरर्थक, अनावश्यक, फाजील. पहिले तीन तुम्ही खोडलेत. नको तितकं झालं असं सांगणाऱ्या शब्दाच्या नोंदीतच खोगीरभरती, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच नजरेला आली नव्हती!

समासात लिहिलेली कारणं तर त्याहून मोलाची. ‘अतिरिक्त’ दोन्हीकडून बोलतो: अतिरिक्त बंदोबस्त म्हणजे हवा म्हणून मागवलेला, अतिरिक्त शिक्षक म्हणजे गरज उरली नाही असा. ‘जास्त’मधून नुसतं प्रमाण कळतं. ‘निरर्थक’ सरळ चूक, कारण सुपरफ्लुअस शब्दाला अर्थ असतो, फक्त तो आधीच सांगून झालेला असतो. लॅटिनमध्ये ‘सुपर’ म्हणजे वरून, ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणं. मराठीत आपण ओसंडणं म्हणतो तेच.

‘एक्सेसिव्ह’शी होणारी गल्लतही तुमच्यामुळे सुटली. गाडीला वेग लागतोच, तो मर्यादेबाहेर गेला की एक्सेसिव्ह. त्याला सुपरफ्लुअस म्हणता येत नाही. सुपरफ्लुअस ते, जे काढून टाकलं तरी काही अडत नाही. तुमची कसोटी आम्ही नोंदीत जशीच्या तशी घेतली आहे: शब्द झाका, वाक्य पुन्हा वाचा, काही हरवलं का पाहा. ‘त्यांनी आधीच आगाऊ सूचना दिली होती’ यातला ‘आधीच’ झाका, काही हरवत नाही. ‘गाईचं गोमूत्र’मधली गायही जाते. पण ‘तिळाचं तेल’ला हात लावायचा नाही, हा तुमचा इशारा फार नेमका. व्युत्पत्तीने तेल तिळाचंच. आज मात्र ते कशाचंही असतं, म्हणून तीळ सांगावा लागतो. कसोटी आजच्या अर्थावर लावायची, मुळावर नाही.

सर्वांत मोठी चूक ‘रिडंडंट’मध्ये निघाली. तिथे आम्ही सुपरफ्लुअसचाच अर्थ उतरवला होता. भाषेपुरतं ते चालतं. ब्रिटिश इंग्रजीत मात्र माणूस रिडंडंट होतो, म्हणजे त्याचं पदच गरजेचं न राहिल्याने नोकरी जाते. आणि अभियांत्रिकीत अर्थ पार उलटतो. बोइंग 747 विमानात चार हायड्रॉलिक यंत्रणा असतात, एक बंद पडली तर बाकीच्यांनी काम चालवावं म्हणून. त्या जादा यंत्रणांना ‘अनावश्यक’ म्हणणारा अनुवाद वाचून कुणी त्या काढायला निघाला, तर काय होईल ते सांगायला नको. तिथे तुम्ही सुचवलेला ‘राखीव’ घेतला आहे. यंत्रणा एकाच वेळी चालू असतील तर ‘राखीव’ही लंगडा पडतो, म्हणून पुढे ‘समांतर’ जोडला.

‘ग्रॅच्युइटस’बद्दल थोडक्यात: मूळ अर्थ फुकट, आजचा रूढ अर्थ विनाकारण, आणि त्यात दोष दिलेला असतो. चित्रपटातली उगाच घातलेली मारामारी ग्रॅच्युइटस. तिथे ‘अनावश्यक’ मिळमिळीत वाटतो.

उच्चाराची खूणही दुरुस्त केली. ‘सुपरमार्केट’च्या चालीवर पहिल्या अक्षरावर जोर देतात, तो हवा ‘पर’वर: सु-पर्-फ्लु-अस. नाम ‘सुपरफ्लुइटी’ झालं की जोर सरकून ‘फ्लु’वर जातो.

सुधारलेलं मुद्रित सोबत आहे. उरलेल्या दोन शब्दांत ‘अनावश्यक’ आधी ठेवला, कारण ‘फाजील लाड’, ‘फाजील आत्मविश्वास’ यांमुळे ‘फाजील’ला रागाचा वास येतो आणि सुपरफ्लुअसमध्ये तो नेहमी नसतो. पटलं नाही तर खोडा.

आपली,
कोशाच्या कामावरची मंडळी