पूर्वेकडची खिडकी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

शनिवारी गाडीत सॅटेलाइट रेडिओ बसवला. बाबा, दिवसभर तुम्ही शेजारी असायला हवे होतात असं वाटत राहिलं.

इथून, दे मॉइनहून, कामासाठी ओमाहाला जाते, तेव्हा दोन तास नुसती मक्याची शेतं. एफएम वाटेतच विरतं. म्हणून सीरियस एक्सएम या इथल्या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचा रिसीव्हर घेतला. आधी एफएम ट्रान्समीटरवर चालवून पाहिला, पण पुढच्या गावात त्याच फ्रिक्वेन्सीवर तिथलं स्टेशन घुसायचं. शेवटी सरळ ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज गाडीच्या स्टिरिओत घेणारी, वायर लावली. आवाज स्वच्छ आला, पण इंजिन चालू केलं की बारीक शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तशी ती चढायची. घरातला अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणला की तुम्ही म्हणायचात, "आधी अर्थिंग बघ." तेच निघालं. वीज लायटरच्या सॉकेटमधून आणि आवाज ऑक्समधून, त्यामुळे अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या होत्या. वायरीत छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर घातला आणि शिट्टी गेली.

अँटेना काडेपेटीएवढी, खाली लोहचुंबक. छतावर चिकटवून वायर डिकीच्या रबराखालून आत घेतली. नेम धरायचा नाही, वर आकाश मोकळं असलं की पुरे. पुलाखालून गेलं तरी गाणं तुटत नाही, कारण तेच प्रसारण काही सेकंदांच्या फरकाने पुन्हा येत असतं.

तुमच्या वर्ल्डस्पेसला, त्या जुन्या सॅटेलाइट रेडिओला, मात्र केवढी खटपट! त्याचा उपग्रह एशियास्टार 105 अंश पूर्व रेखांशावर, म्हणून अँटेनाची पाटी पूर्वेच्या खिडकीत, जराशी दक्षिणेकडे कललेली. आंब्याची फांदी आड आली की 'गंधर्व' या शास्त्रीय संगीताच्या चॅनेलवरचा ख्याल मध्येच थांबायचा आणि मी काठी घेऊन फांदी धरून उभी राहायचे. 31 डिसेंबर 2009 नंतर ते बंदच झालं. तरी जानेवारीभर तुम्ही रोज सकाळी एकदा बटण दाबून बघत होतात. मला ते तेव्हा दिसत होतं, पण काय बोलावं ते कळलं नाही.

मे महिन्यात याल तेव्हा तुम्हाला बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावून देईन. यात मराठी काही नाही. पण आई, ऑक्सची वायर मी मुद्दाम लांब घेतली आहे, मागच्या सीटपर्यंत पोचेल अशी. तिकडून तुझा फोन तिला जोड आणि तुझी भावगीतं ऐकव. आणि बाबा, येताना माळ्यावरचा तो जुना सेट एकदा पुसून ठेवा.

तुमची,
मनू