तुमची खुर्ची

ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात त्या दुपारी पहाऱ्यावर असलेल्या दादांना,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि तुम्हाला मराठी येत नाही. तरी हे मराठीतच लिहितेय, कारण त्या चित्रासमोर माझ्या तोंडून निघालेला एकच शब्द मराठी होता. ताई.

एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराची ‘आजारी मुलगी’. त्याची बहीण सोफी 1877 साली क्षयानं गेली, 15 वर्षांची. तो तेव्हा 13 वर्षांचा. रंगवलेल्या चित्रात तिच्या उशाशी मान खाली घातलेली मावशी आहे. 1896 मध्ये पॅरिसला त्याचा लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून कागदावर छापलेलं चित्र, करताना मात्र त्यानं मावशीला गाळलं. उरलं उशीवरचं डोकं, विस्कटलेले केस आणि एका बाजूला लागलेली नजर. माझी ताई शेवटच्या आठवड्यात खिडकीकडे अशीच बघायची. आम्ही सगळे खोलीत असायचो, पण ती जिथं पोचली होती तिथं आमच्यातलं कुणीच नव्हतं.

माझे पाय लटपटले, आणि तुम्ही तुमची स्वतःची खुर्ची आणलीत.

ताई ज्या रुग्णालयात गेली तिथं आम्ही रात्री जिन्यावर काढल्या. एकदा वॉर्डाबाहेरच्या बाकावर टेकले, तर उठवलं. नातेवाईक वर्षाच्या आतच म्हणू लागले, ‘आता पुरे, सावर.’ मुंकनं हेच चित्र 40 वर्षांत सहा वेळा रंगवलं, छापलं ते वेगळंच. त्याला कुणी ‘पुरे’ म्हटलं असेल तर त्यानं ऐकलं नाही, हे किती बरं झालं.

तुम्ही खुर्ची जरा तिरकी ठेवलीत. का, ते बसल्यावर कळलं. समोरून काचेत माझाच रडवेला चेहरा दिसत होता; तिथून फक्त ती दिसत होती. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून मंद ठेवलेल्या त्या दालनात तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात. लोक आपोआप लांबून गेले. काय झालं, कोण गेलं, एक प्रश्न नाही. माणसाला एकटं सोडणं आणि त्याला एकांत देणं यातला फरक तुम्हाला कुणी शिकवला, दादा? असं मन असलेली माणसं अजून आहेत, या आधारावर मी घरी परतले.

उठले तेव्हा तास उलटून गेला होता. तेवढा वेळ तुम्ही उभेच होतात. पाय दुखले असतील.